समितीतली एक जागा

20 जून 2025, शुक्रवार

उरलेल्या महाराष्ट्रात 16 तारखेलाच शाळा भरल्या. विदर्भाची घंटा सोमवारी, 23 ला. ऊन अजून उतरलेलं नाही, जवाहरनगरच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंही दिसत नाही, आणि अशा उन्हात टोलीवरची एक सून घरी आली. माझ्याच हातची शिकलेली. तिची पोरगी आता चौथीत जाईल. घडी केलेलं पत्र पुढं केलं: शाळा व्यवस्थापन समितीची दोन वर्षांची मुदत संपली, नवी समिती निवडायला पालक सभा.

"बाई, तुमी ऱ्हा ना जी उभ्या. तुमाले सारेचं समदं मालूम हाय."

मी तिला पाणी दिलं आणि समजावलं, की मला अध्यक्ष होता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 21 वं कलम सांगतं, समितीत तीन चतुर्थांश माणसं पालक हवीत आणि निम्म्या बाया. राज्य सरकारच्या 17 जून 2010 च्या शासन निर्णयानं आकडा ठरवला, 12 ते 16. अध्यक्ष-उपाध्यक्ष पालकांतूनच. पालक सोडून जी मूठभर माणसं उरतात त्यात एक ग्रामपंचायतीचा सदस्य, एक शाळेतला शिक्षक, आणि एक 'स्थानिक शिक्षणतज्ज्ञ', तोही पालकांनीच निवडायचा. मुख्याध्यापक सचिव. म्हणजे जन्मभर खडू घासलेल्या बाईसाठी या सगळ्यात दार एकच.

"मग त्या दारानं या," ती म्हणाली.

संध्याकाळी यांना सांगितलं. इथल्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला माणूस, कशाचा लवकर भडका होऊ देत नाही. म्हणाले, "लोक रिटायर झाल्यावर रामटेकला जातात, तू परत शाळेतच जा."

21 जून, शनिवार

निवडणुकीचा माझा आयुष्यभराचा अनुभव म्हणजे दुसऱ्यांच्या बोटाला शाई लावणं. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा, एकही चुकली नाही. रात्री शाळेच्याच फरशीवर झोपायचं, पहाटे यंत्र मांडायचं. कायद्याच्या 27 व्या कलमात शिक्षकांना शिकवण्याखेरीज कोणती कामं देता येतात ते लिहिलंय: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. बाकीची कामं कलमात नाहीत, तीही दिली जातात.

एका निवडणुकीत मात्र आम्हा प्राथमिकवाल्यांना कुणी विचारत नाही, ती शिक्षक मतदारसंघाची. नाव शिक्षकांचं, पण राज्यघटनेच्या 171 व्या कलमानं मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. 2023 च्या 30 जानेवारीला नागपूर विभागात मतदान झालं, सुधाकर अडबाले निवडून आले, नागो गाणार हरले. भंडारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी ते वर्तमानपत्रात वाचलं. पहिलीला अक्षर ओळखायला लावणारा माणूस शिक्षक मतदारसंघात शिक्षक नव्हे, हे मला कधी पटलेलं नाही.

शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "बाई, भंडाऱ्यात मास्तरांना लोक निवडून देत नाहीत. बाबासाहेबांनाही दिलं नाही." 1954 च्या पोटनिवडणुकीची गोष्ट. सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेला, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य राहिलेला माणूस भंडाऱ्याच्या राखीव जागेवर हरला आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर लोकसभेत गेले. मला त्या पंगतीला बसवल्याबद्दल काकांचे आभार मानले. बाबासाहेब लोकसभेला उभे होते, मी सोळा माणसांच्या समितीला.

23 जून, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. आंब्याच्या पानांचं तोरण, पहिलीच्या पोरांना गुलाबाची फुलं, पुस्तकं. मी पाहुणी म्हणून खुर्चीवर. बसवत नव्हतं.

तिसरीची खोली पाहून आले. छताचं प्लास्टर दोन ठिकाणी सुटलंय, आतल्या गंजलेल्या सळ्या दिसतात. खाली पोरं बसू नयेत म्हणून एक बाक आडवा लावलाय. पहिला पाऊस आला की तो बाक आणि पोरं दोन्ही भिजतील. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मागच्या वर्षी तोंडी सांगितलं होतं." तोंडी सांगितलेलं पंचायत समितीत कुठल्या फाइलला लागतं ते त्यांना ठाऊक आहे आणि मलाही.

माणूस वाईट नाही. पट 64, शिक्षक अपुरे. केंद्राच्या कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 पर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90 ला तीन. पण आता पट म्हणजे वर्गात बसलेली पोरं नव्हेत, आधारशी जुळलेली पोरं. एकाच्या आधारवर बापाचं नाव चुकलंय, तर दुसऱ्याचा अंगठाच उमटत नाही. 30 सप्टेंबरच्या आत हे सगळं जुळवायचं, मधल्या वेळात शिकवायचं.

माझ्या येण्यानं ते थोडे अवघडलेत, हेही दिसलं. जुनी शिक्षिका समितीवर आली की तिला वहीच्या कोणत्या पानावर काय असतं ते माहीत असतं.

26 जून, गुरुवार

न्यू जर्सीतल्या भाचीचा फोन. तिला सांगितलं तर खूश झाली. तिकडे स्कूल बोर्डाची निवडणूक म्हणजे अंगणात उमेदवारांच्या नावाच्या पाट्या. बहुतेक बोर्डांवर नऊ जण, तीन वर्षं, पगार नाही. पण शाळांचं अख्खं अंदाजपत्रक त्यांच्यापुढून जातं, आणि अधीक्षक नेमायचा अधिकारही त्यांच्याकडे. "मावशी, तुमच्या समितीला किती पैसे?" तिनं विचारलं.

समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान, 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25 हजार रुपये. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. उरलेल्यात विजेचं बिल, खडू, रजिस्टरं, फुटलेला नळ. तिनं डॉलरमध्ये हिशेब केला आणि गप्प बसली.

आपल्याकडेही एकेकाळी स्कूल बोर्ड होतं. मुंबई इलाख्यात 1947 च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं जिल्हा शाळा मंडळं होती. आम्ही तेव्हा मध्य प्रांतात. बाबा जनपद सभेच्या शाळेत मास्तर होते; 1948 पासून तहसिलीतहसिलीला जनपद. पगार उशिरा आला की जनपदच्या सदस्याच्या ओसरीवर जाऊन बसायचे, एवढी ती सत्ता जवळ होती. 1962 च्या 1 मे ला जिल्हा परिषदा आल्या, शाळा भंडाऱ्याच्या मोठ्या इमारतीकडे गेल्या, आणि शिक्षण समितीवर बसायचं तर आधी जिल्हा परिषदेचा सदस्य व्हावं लागतं. पक्ष, तिकीट, गटाचं आरक्षण. माझ्या पेन्शनमध्ये ते बसत नाही, आणि मला तिकीट कोण देतो!

30 जून, सोमवार

काल मुख्यमंत्र्यांनी पहिलीपासूनच्या हिंदीचे दोन्ही शासन निर्णय, 16 एप्रिलचा आणि 17 जूनचा, मागे घेतले. डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. वर्तमानपत्रं त्यानंच भरली आहेत. मुंबई-पुण्याचा राग मला समजतो आणि पहिलीच्या पोरावर तिसरी भाषा लादू नये हेही खरं. पण आमच्याकडे ही गोष्ट जरा वेगळी दिसते. आयुध निर्माणीच्या वसाहतीत साऱ्या देशातली माणसं येऊन राहिली, कॉलनीतली पोरं खेळताना हिंदीच बोलतात, बाजारात भाजीचा भाव हिंदीत होतो. इथल्या पोराला हिंदी कुणी शिकवावी लागत नाही. त्याला घरातली झाडी बोली येते आणि रस्त्यावरची हिंदी येते. अडतो तो पुस्तकातल्या मराठीत. मी पहिलीला 'शाळा' लिहायला सांगायची, पोरं 'सारा' लिहायची, आणि कानानं ऐकलेलं बरोबरच लिहिलेलं असायचं.

पहिलीच्या शिक्षकानं त्या बोलीतच बोलावं असं माझं मत आहे. समितीवर गेले तर हे बोलेन. ठराव होण्यासारखी गोष्ट नाही ही, पण बोलेन.

3 जुलै, गुरुवार

आता कळलं, शिक्षणतज्ज्ञाच्या जागेला आणखी एक जण आहे. पेट्रोल पंपाकडे शिकवणी वर्ग चालवणारा तरुण. हुशार, गोड बोलणारा, दिवाळीला सगळ्यांच्या मोबाइलवर स्वतःच्या फोटोसकट शुभेच्छा पाठवणारा. निवडून दिलं तर शाळेला थंड पाण्याचं यंत्र देतो म्हणालाय.

एका हितचिंतकानं मला दुसरीच युक्ती सुचवली. "नातवाचं नाव आपल्या सारेत टाका, पालक व्हा, डायरेक अध्यक्ष!" नातू व्हॅनमधून महामार्गावरच्या इंग्रजी शाळेत जातो, त्याचे आईबाप धडधाकट आहेत, मी त्याची पालक कायद्यानं कशी होईन? आणि समितीसाठी पोराची शाळा बदलायची, म्हणजे पोराची व्यवस्था समितीसाठी झाली.

अध्यक्षपद पालकांकडे आहे ते योग्यच आहे. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे आवडत नाही. ते म्हणतात, अंगठेबहाद्दर अध्यक्ष काय करणार. पण शिक्षकाच्या हाती शाळेची देखरेख देणं म्हणजे परीक्षा देणाऱ्यानंच पेपर तपासणं. आम्ही सगळे एकमेकांच्या बदल्या, एकमेकांच्या अडचणी जाणतो, म्हणून एकमेकांना सांभाळून घेतो. आईला कुणाला सांभाळून घ्यायचं नसतं. तिचं पोर वाचतं की नाही, एवढंच तिला पाहायचं असतं.

5 जुलै, शनिवार

पालक सभा सकाळच्या शाळेनंतर. रोवणी अजून जोरात लागलेली नाही म्हणून बाया आल्या. आधी पालक सदस्य ठरले, मग माझी जागा.

शिकवणीवाल्यानं पाच मिनिटं भाषण केलं. स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्ती, डिजिटल वर्ग. चांगलं बोलला. मी उभी राहिले तर मागून एका बापानं विचारलं, "बाई, तुमचा नातू कोन्या सारेत जाते जी?"

सगळे हसले. प्रश्न रास्तच होता. सांगितलं, इंग्रजी शाळेत जातो, त्याच्या आईबापाची निवड. त्या शाळेत महिन्याला फी भरतात, पण 21 व्या कलमातली समिती विनाअनुदानित शाळेला लागूच नाही. तिथे पैसे देऊनही हिशेब मागायला बसता येत नाही. इथे एक रुपया न देता तुम्ही हिशेब मागू शकता, आणि दोन वर्षांत कुणी मागितलेला नाही. मी निवडून आले तर एकच करीन, दर सभेत मागच्या सभेची वही मोठ्यानं वाचून दाखवीन आणि बँकेचं पासबुक फिरवीन. थंड पाण्याचं यंत्र माझ्याकडे नाही.

हात वर करून मतदान. शिकवणीवाल्याच्या बाजूला बहुतेक बापे, माझ्या बाजूला बाया. चार हातांनी मी आले. तरुणानं हात जोडले, मीही जोडले. यंत्राचं काय, असं एकानं विचारलं तर तो म्हणाला, बघू.

अध्यक्ष म्हणून टोलीवरची तीच सून झाली. तिनं नाही म्हणायचा प्रयत्न केला, कुणी ऐकलं नाही.

9 जुलै, बुधवार

दोन दिवस झड. वैनगंगा फुगली, गोसेखुर्दचे दरवाजे उघडले, शाळांना सुट्टी. तिसरीची खोली गळत असणार.

10 जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. मोबाइलवर हारांचे फोटो. जुन्या दोन विद्यार्थिनी मात्र चिखल तुडवत आल्या, त्यांना चहा-भजी.

दुपारी गोखल्यांविषयी वाचत होते. 1902 ला फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि उरलेलं आयुष्य सार्वजनिक कामाला दिलं. 1911 च्या मार्चमध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यात सक्ती सरसकट नव्हती. ज्या नगरपालिकेला, लोकल बोर्डाला जमेल तिनं आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती करावी, एवढंच. पुढल्या मार्चमध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. त्याच्याही आधी, 1882 ला, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी लिहून दिली होती. तेही शिकवलेला माणूस, पुण्याच्या नगरपालिकेत बसलेला माणूस. शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला 2010 च्या 1 एप्रिलला. कागद सरकायला लागणारा वेळ पाहिला की पंचायत समितीतल्या बाबूंवर मी उगाच चिडते असं वाटतं. मग तिसरीची खोली आठवते आणि पुन्हा चिडते.

18 जुलै, शुक्रवार

पहिली मासिक सभा. नोटीस दुपारी 12 ची. हजर कोण? मुख्याध्यापक, शिक्षक सदस्य आणि मी. बाकी सगळा गाव बांधीत. पऱ्हे तयार आहेत, पाणी आहे, आता नाही रोवलं तर कधी रोवणार? अध्यक्षबाईच कुणाच्या तरी शेतात रोवणीला गेलेली; दिवसाची मजुरी सोडून ती खुर्चीवर का येऊन बसेल?

थोड्या वेळानं मुख्याध्यापकांनी वही काढली. इतिवृत्त आधीच लिहिलेलं. 'सर्वानुमते ठरले' चार वेळा. संध्याकाळी शिपाई वही घेऊन घरोघरी फिरेल आणि सह्या आणेल, अशी वर्षानुवर्षांची रीत. त्यात तिसरीच्या खोलीच्या निर्लेखनाचा ठरावही होता. म्हणजे खोली धोकादायक म्हणून शाळेच्या हिशेबातून काढून पाडायची मागणी. मला हवा तोच ठराव. सही केली असती तर सोमवारी कागद भंडाऱ्याला गेला असता.

मी सही केली नाही. सर नाराज झाले. "बाई, तुम्हीच तर म्हणत होत्या घाई आहे!" खरंच म्हणत होते. पण न झालेल्या सभेच्या वहीवर पहिली सही शिक्षणतज्ज्ञाची झाली, तर पुढची दोन वर्षं ती वही अशीच फिरणार. आणि ज्या दिवशी त्या वहीत पोरांच्या पैशाचा चुकीचा खर्च 'सर्वानुमते' लिहिला जाईल, त्या दिवशी मी काय बोलणार?

तडजोड अशी: सभा पुढे ढकलली असं लिहायचं, पुढली रविवारी संध्याकाळी सातला ठेवायची. तोवर तिसरीचा वर्ग व्हरांड्यात. हे मात्र सरांनी आजच केलं, खोलीला कुलूप घातलं. यासाठी कुणाच्या ठरावाची गरज नव्हतीच.

घरी आल्यावर हे म्हणाले, "चांगलं केलंस." आणि थोड्या वेळानं, "तोवर स्लॅब पडला नाही म्हणजे झालं." झोप लागली नाही.

20 जुलै, रविवार

सातला पाऊस, वीज गेली, सात माणसं. सभा पुन्हा पुढे, 27 ला.

26 जुलै, शनिवार

काल सकाळी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छत कोसळलं. सात पोरं गेली. पोरं आत बसलेली होती.

उद्याच्या सभेसाठी सकाळपासून फोन मीच करतेय. आज कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सगळ्यांनी बातमी पाहिली आहे.

27 जुलै, रविवार

समाजमंदिरात सभा, संध्याकाळी सात. बाया थेट बांधीतून, पायांचा चिखल धुऊन. जवळजवळ सगळे सदस्य, शिवाय सदस्य नसलेले पालकही. मी मागची वही वाचली, म्हणजे जुन्या समितीची. 'सर्वानुमते' आलं की कुणीतरी विचारायचं, "हे कवा ठरलं जी?" सर मान खाली घालून बसले होते. त्यांना एकट्यालाच का पिंजऱ्यात उभं करायचं, म्हणून मी सांगितलं की ही रीत सगळीकडे आहे आणि सह्या तुमच्याच आहेत. त्यावर थोडी शांतता.

पहिला ठराव, निर्लेखन. दुसरा, कुलूप उघडायचं नाही. तिसऱ्याची मला कल्पना नव्हती. फॅक्टरीत ठेकेदाराकडे काम करणारा एक बाप उठला. "24 जानेवारीले धमाका झाला, तवा पोरं सारेत होती. कोनं पोरं बाहेर काढली, कोनं मोजली? कोनालेच मालूम नोयतं."

त्या सकाळी निर्माणीच्या एलटीपी विभागात स्फोट झाला, आठ कामगार गेले. आमच्या घरची भांडी फळीवरून खाली आली होती. यांच्या ओळखीतली घरं होती, तो दिवस इथे कुणाला सांगावा लागत नाही. पण शाळेचा विचार त्यानंतर आम्ही कुणीच केला नव्हता. स्फोटकं बनवणाऱ्या कारखान्याच्या शेजारी शाळा, आणि फाटकाची किल्ली कुणाकडे, पटावरची पोरं मोकळ्या जागेत कोण मोजणार, आईबापांना कोण कळवणार, याचा साधा कागद नाही. शाळा विकास आराखडा करणं हे 22 व्या कलमानं समितीचंच काम. त्यात हे पहिल्या पानावर घालायचं ठरलं. महिन्यातून एकदा सराव. मोकळी जागा कोणती यावर अर्धा तास वाद, कारण पटांगणात पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं. वाद चांगला झाला, शेवटी देवळामागची उंचवट्याची जागा ठरली.

चौथा विषय अंड्यांचा. यंदाच्या जानेवारीत सरकारनं पोषण आहारातल्या अंड्यांचे पैसे बंद केले, हवं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. महिन्याला अडीच हजार मानधनावर राबणारी स्वयंपाकीण म्हणाली, "अंडी आना, मी शिजवून देतो, जादाचं काई नोको." कोण देणार यावर कुणी बोलेना. शिकवणीवाला तरुण मागे उभा होता. थंड पाण्याच्या यंत्राऐवजी महिन्यातून दोन बुधवारची अंडी मी देतो, म्हणाला. अध्यक्षबाईनं लगेच वहीत लिहायला लावलं. पोरीला व्यवहार कळतो.

साडेनऊला उठलो. सह्या तिथंच झाल्या, दोन अंगठे.

1 ऑगस्ट, शुक्रवार

अध्यक्षबाई, सर आणि मी भंडाऱ्याला. तिची आजची मजुरी बुडाली. समितीच्या सदस्याला भत्ता नाही. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात ठराव, फोटो, अर्ज. टेबलावरचा बाबू म्हणाला, "ठेवून जा." अध्यक्षबाई म्हणाली, "पोच द्या जी." मी शिकवलं नव्हतं. शिक्का, आवक क्रमांक, तारीख. पुढे बांधकामचे अभियंते येऊन पाहतील, मूल्यांकन होईल, मग जिल्हा परिषदेकडून मंजुरी, मग पाडणं, मग नव्या खोलीची मागणी. पोरी तोवर सातवीतून जातील कदाचित.

परतताना बसस्टँडवर तिनं पासबुक उघडलं. धनादेशावर तिची आणि सरांची, दोघांची सही लागते. वर्षाचे आकडे बोट ठेवून वाचत गेली. एका नोंदीशी थांबली, रंगरंगोटी. "बाई, मागच्या साली रंग कोठी मारला?" सरांनी सांगितलं, व्हरांड्याच्या आतल्या बाजूला. सोमवारी जाऊन पाहते म्हणाली.

4 ऑगस्ट, सोमवार

पाहून आली. रंग मारलेला होता.

15 ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. भाषणं पावसामुळे आटोपती. फलकावर समितीच्या सदस्यांची नावं, पुढल्या सभेची तारीख आणि अनुदानाचा जमाखर्च लावला. पोरांपेक्षा बापे जास्त वेळ वाचत उभे होते. पहिला सरावही आज झाला. घंटा, रांगा, देवळामागे. दुसरीतला एकजण मोजणीत सापडेना, तो स्वयंपाकघरात जिलेबीपाशी होता.

24 ऑगस्ट, रविवार

परवा पोळा, काल तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदारी, बोजारा वाटून सुटे पैसे संपले. आज अध्यक्षबाई आली, पुढल्या सभेचे विषय लिहायला. अभियंता अजून आलेला नाही. स्मरणपत्र देऊ. वर्ग अजून व्हरांड्यातच.

तिनं विचारलं, शेजारच्या गावातल्या बाया त्यांच्या शाळेची वही मागतात, मुख्याध्यापक देत नाहीत, खासगी कागद आहे म्हणतात, खरं काय? तिला जे लिहून दिलं तेच इथे उतरवते, कुणाच्याही कामी येईल. केंद्राच्या 2010 च्या नियमांत स्पष्ट आहे: समितीची सभा महिन्यातून निदान एकदा घ्यायची, तिचं इतिवृत्त आणि निर्णय नीट नोंदवायचे, आणि ते लोकांना पाहायला खुले ठेवायचे. तेव्हा ज्यांची लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत त्यांनी उद्याच जावं, इतिवृत्त वही मागावी आणि आपली सही कोणत्या तारखेला, कोणत्या ठरावाखाली आहे ते वाचून यावं.